कणकेत मीठ पडू नये म्हणून

आदरणीय अध्यक्ष, आपले धर्मगुरू अबूना लूका, प्रमुख पाहुणे डॉक्टर राअफत, आजचे सत्कारमूर्ती सिदहोमकाका, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि मघापासून मला हातवारे करून ‘थोडक्यात आटप’ असं सांगणाऱ्या अफीफाकाकू, गावातली वडीलधारी मंडळी, आणि मागे दाराशी उभे असलेले खाणीतले माझे सोबती, आपणा सर्वांना प्रभूची शांती असो.

भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. शाळा मी सहावीत सोडली. भाषण लिहून आणलं आहे आणि दोनदा तपासलं आहे. तरी कुठे अडखळलो, तर ते अक्षरामुळे नव्हे, भीतीमुळे, असं समजावं.

चार वर्षांपूर्वी, नऊ मार्चला, सकाळी साडेसातच्या सुमारास मी खाणीत करवतीसमोरचा दगड सरकवत होतो. पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. खाणीतला पांढरा धुरळा डोळ्यांत गेला, मी तोंड फिरवलं, आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. नंतर ठरलेलं लग्नही मोडलं. त्या घरच्यांना मी दोष देत नाही. मुलीच्या बापाने हिशेब करायलाच हवा.

तेव्हा मी चर्चमध्ये यायचो, पण स्तंभाआड उभा राहायचो. माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. अबूना वेदीपाशी टोपलीतल्या कुर्बानच्या, म्हणजे अर्पणाच्या, भाकरी उलटसुलट करून पाहतात. जिला चीर नाही, डाग नाही, तीच प्रभूचं कोकरू म्हणून निवडतात. मग ज्याच्या हातालाच खोट आहे, त्याने टोपलीच्या आसपास तरी का फिरावं?

हे मी कुणाला बोललो नव्हतो. पण सिदहोमकाकांनी एकदा मला अंगणात गाठलं.

“काय रे नसीम, खांब पडेल म्हणून टेकू देतोस काय? उद्या पहाटे बेथलेहेमात ये.”

बेथलेहेम म्हणजे आपली मागची भट्टीची खोली. मी हात पुढे केला. म्हटलं, “काका, याने काय मळणार?”

“मैद्याला बोटं मोजता येत नाहीत,” ते म्हणाले. “आणि अबूना भाकर बघतात. भटाऱ्याचा हात बघायला त्यांना वेळ कुठला? उपाशीपोटी ये. आणि अत्तर लावून येऊ नकोस, लग्नाला नाही चाललास.”

आता त्यांनाही ठाऊक होतं की लग्न मोडलंय. पण ते तसेच आहेत. काकू हसताहेत म्हणजे त्यांनाही ते मान्य आहे.

मी गेलो. मळताना स्तोत्रं म्हणायची असतात. मला तीनच पाठ. तीच फिरून फिरून म्हणायचो. काका म्हणाले, “देव सहनशील आहे रे, पण किती?” मग रोज एक ओळ नवी शिकवत गेले. भाकरीवर लाकडी ठसा उमटवायला मला जमलं. क्रुसाभोवती पाच भोकं पाडायची काडी मात्र धरता येईना. प्रभूच्या पाच जखमांची ती भोकं. वेडीवाकडी कशी चालतील? काकांनी काडीला कातड्याचा एक फास बांधला आणि तो माझ्या अंगठ्यात अडकवला.

पहिल्या पाच-सहा भाकरी नीट झाल्या. सातवीला काडी घसरली, क्रूस फाटला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि थेट परातीवर वाकलेलो असताना आलं.

काकांनी परात खसकन ओढून घेतली.

“मीठ पडेल! कुर्बानच्या कणकेत मीठ चालत नाही, माहीत नाही तुला? जा, बाहेर जाऊन रड. पोटभर रड. मग तोंड धू आणि ये.”

“भट्टी थंड होईल, काका.”

“होऊ दे. मी थांबतो.”

मी अंगणात गेलो. खजुराखाली बसून जेवढं रडायचं तेवढं रडलो. परत आलो तेव्हा कणीक ओल्या फडक्याखाली झाकलेली होती आणि काका स्टुलावर हात बांधून बसले होते. मी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, “माफी कसली? मी तीनदा गेलो होतो.”

मग त्यांनी सांगितलं. आपल्या सर्वांना आठवत असेल, त्यांचा मुलगा हलीम त्याच खाणीत उघड्या विजेच्या तारेवर पाय पडून गेला. त्यानंतरच्या रविवारी उपासना उशिरा सुरू झाली होती. लोक कुरकुरले होते. माझे वडीलही त्यात होते. उशीर का झाला, ते अबूनांनी कुणालाच सांगितलं नाही. काका मागच्या खोलीत मळत होते आणि तीनदा परात सोडून बाहेर गेले होते. निरोप्या आला, “अबूना विचारतात, भाकर झाली का?” काका म्हणाले, “त्यांना सांग, दुसऱ्या कुणाला बोलवा.” अबूनांनी उलट निरोप पाठवला, “सिदहोमला सांग, मी थांबतो.”

धर्मशास्त्रातलं मला फारसं कळत नाही. डॉक्टरसाहेबांनी मघाशी दुःखाचा अर्थ फार छान सांगितला. मला तो पूर्ण समजला, असं म्हणणार नाही. माझी बोटं आली नाहीत. हलीमही आला नाही. मला एवढंच समजलं, की रडायला जाणाऱ्यासाठी कुणीतरी परात झाकून थांबलेलं असतं. मी त्यालाच देव मानतो. अबूना, यात काही चूक असेल तर मला बाजूला घेऊन सांगावं.

डोळ्यांना भट्टीची धग सोसत नाही म्हणून काका आज दुपारच्या गाडीने लेकीकडे अलेक्झांड्रियाला निघालेत. ठसा त्यांनी माझ्याकडे दिला आहे. आजची भाकर मी एकट्याने केली. टोपलीतून अबूनांनी एक निवडली, उरलेल्या आपण सर्वांनी दारात वाटून खाल्ल्या. कशी झाली होती, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, “अळणी होती.” याहून मोठं प्रमाणपत्र मला नको.

मंडळाने मला बोलण्याची संधी दिली, स्वयंपाकघरातल्या बायकांनी घेवड्याची उसळ आणि चहा केला, सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर लहान समजून पदरात घ्यावं.

आता सत्काराची शाल. अबूना...

सिदहोमकाका उठून बाहेर निघालेत. नको, काकू, तुम्ही बसा. दाराजवळच्यांनी जरा वाट द्या. मागे कुणी जाऊ नका.

काका, सावकाश या. आम्ही थांबतो.