पेवावरचा घोर

नर्मदाबाई : अवो, उठा आता त्या जवारीच्या पेवावरून! गाडी जुंपून झाली. पुसेगावात लेकीच्या घरी नातवाचं बारसं, अन् आजोबा इथं कोंबडीवानी जवारी उबवून राहिले!

व्यंकटराव : हळू बोल. जमिनीखालून आवाज येऊन राहिला.

नर्मदाबाई : कशाचा?

व्यंकटराव : जवारी सडल्याचा.

नर्मदाबाई : सडल्याला वास असतो. आवाज कवापासून आला?

व्यंकटराव : म्हणून तर म्हणतो, एकदा तोंड उघडून बघू. चार बोटं फक्त.

नर्मदाबाई : मागल्या साली तुमी चार बोटंच उघडत हुता. आज बघू, उद्या बघू. ओल शिरली आत, अन् बैलांनीबी त्या जवारीवरून तोंड फिरवलं. लिंपलेलं पेव न उघडताच टिकतं, हे शेंबड्या पोरालाबी कळतं. हे बघा, तांड्यावरचे थावराभाऊ आले. भाऊ, तुमीच सांगा आता ह्यांना!

थावरा : राम राम पाटील. काय तकलीफ हाय?

व्यंकटराव : छातीत धडधडतं. हात गार पडतात. हिंगोलीचा हकीम म्हणला, काळीज बराबर हाय, तुमाला घोर लागलाय. म्या म्हणलं, मंग घोरावर पुडी द्या. तर हसायलाच लागला.

थावरा : उठा मंग. तुमी येईपावतर मी बसतो. घोरबी मीच करतो.

व्यंकटराव : तुला जमंल?

थावरा : आमच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाह्यलं, पाटील. आभाळ आलं की जीव खालीवर. घोर आमच्या घराण्यातच हाय.

(व्यंकटराव उठतो. थावरा पेवाच्या तोंडावर मांडी घालून बसतो.)

व्यंकटराव : अरे, तू तर सुपारी कातरून राहिला! असा करतात घोर?

थावरा : मंग कसा?

व्यंकटराव : पुढं वाक. कपाळाला आठ्या घाल. हां. आता म्हण, ओल शिरली तर?

थावरा : ओल शिरली तर?

व्यंकटराव : घुशीनं बीळ केलं तर?

थावरा : घुशीनं बीळ केलं तर?

व्यंकटराव : लेकरू ह्याबी खेपेला न्हाई जगलं तर?

थावरा : पाटील... हे जवारीचं न्हाई.

नर्मदाबाई : अगं बाई! म्हणून व्हय पाय निघंना तुमचा?

व्यंकटराव : लेकीच्या पहिल्याला ह्याच मांडीवर घेतलं हुतं. महिनाबी भरला न्हाई त्याचा. पेवाचा घोर सोपा हाय गं, त्याच्यावर बसता तरी येतं. लेकराच्या घोराचं काय करावं?

नर्मदाबाई : मलाबी हाय तो. सकाळी पिठात दोनदा मीठ टाकलं मी. काहून बोलला न्हाई इतके दिवस?

व्यंकटराव : बोललं की खरं हुईल, असं वाटलं.

थावरा : तो घोर मला पेलायचा न्हाई, पाटील. तो तुमी दोघं संगं न्या. जवारीचा ठेवा माझ्यापाशी.

व्यंकटराव : उघडून तर बघणार न्हाईस ना?

थावरा : उघडायला आधी उठावं लागंल. अन् मला उठायचा लई कंटाळा.

नर्मदाबाई : चला, बसा गाडीत.

व्यंकटराव : अन् लेकराला घेताना हात थरथरले तर?

नर्मदाबाई : थरथरू द्या. दोघं मिळून धरू.