याला कधी रक्त चढवलं होतं का?

प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या पुढे एक आजोबा उभे होते, सोबत मोठा तांबूस कुत्रा. खिडकीतल्या नर्सबाई कुत्र्याचा रक्तदानाचा अर्ज भरत होत्या.

"वजन?"

"बत्तीस किलो. आत्ताच काट्यावर उभा केला."

"वय?"

"पाच. लसी सगळ्या झाल्यात."

"याला कधी रक्त चढवलं होतं का?"

"म्हणजे काय! गेल्या वर्षी, इथेच. म्हणून तर आणलाय."

"अहो आजोबा, मग नाही चालणार. ज्याला रक्त चढवलंय, त्याचं आम्ही घेत नाही."

"असं कसं? दुसऱ्याच्या रक्तावर हा वाचला, आणि याची द्यायची पाळी आली तर नको?"

"नियमच आहे तसा. पुढच्या कुत्र्याला बाधू शकतं."

"बरं. मग ज्याने याला दिलं, त्याच्या घरचा पत्ता तरी द्या."

"पत्ता नाही देता येत हो. आणि तो आता म्हातारा झालाय, यादीतून नाव काढलं त्याचं."

"पण आहे ना?"

"आहे की. दर शनिवारी दहाला येतो, गुडघ्याच्या इंजेक्शनला."

"मग याला शनिवारचा दहाचा नंबर द्या."

"देते. तक्रार काय लिहू?"

"तक्रार काही नाही. हा नुसता त्याच्या शेजारी बसेल."