सागाचा साचा

घाटकोपरला रॉकेलच्या रांगेत इव्हा काळी साडी नेसून उभी होती. तिच्या पुढे एका कारखान्याच्या कॅन्टीनमधला आचारी जॉनी तिथल्याच जुन्या, आता निवृत्त झालेल्या मुख्य आचाऱ्याशी, अण्णांशी, बोलत होता.

"अण्णा, आपलं भांडी धुण्याचं मशीन शनिवारी भंगारात चाललंय."

"लढाईच्या वेळचं मशीन रे ते! पंपाला नवीन चाक बसवलंस ना?"

"बसवलं. पण पाणी वरच्या ताटांपर्यंत चढतच नाही."

"चाक ओतून घेतलंस कशावरून?"

"जुन्याच चाकावरून. विलायतेहून पार्ट येत नाहीत, मग काय करणार?"

"वाट लावलीस! पितळ थंड झालं की आकसतं. म्हणून तर बस्त्याव मिस्त्री सागाचा साचा मुद्दाम थोडा मोठा कोरायचा."

"काय माणूस होता! माझा आमटीचा डाव घ्यायचा, दांडा पंपाला टेकवायचा आणि वाटी कानाला लावायचा. म्हणायचा, 'गप रे जॉनी, मशीनबाई सांगतेय काय दुखतंय ते.'"

"साचा त्याच्या घरी असेल. जाऊन माग."

"महिनासुद्धा झाला नाही त्याला जाऊन. कुठल्या तोंडानं मागू?"

रांग पुढे सरकली. इव्हा डबा धरून तिथेच उभी राहिली.

"शनिवारच्या आत या," ती म्हणाली. "साचा पप्पांच्या पेटीत आहे. आणि येताना तो डाव घेऊन या."