भिंतीच्या आधीची होडी

नाय, नारळाला नको साहेब — होडीला लावा हात, लावा की. पण वहाणा काढून, आमच्यात होडीला वहाणांनी शिवत नाय. पाटीवर काय लिवलंय? पूर्वीची होडी — बरोबर. पूर्वीची म्हंजे किती, सांगू? सहा वर्सांची. बासष्ट सालात मी नि माझा धाकटा भाऊ रामू, आमी बांधून घेतली. रंग मीच खरवडला, जुनी दिसायला पायजे म्हणाले. दोन साहेब होते हे प्रदर्शन बांधणारे, नि मापाची फीत धरायला मी. एक म्हणाला, होडी नि अणूचं यंत्र एकाच दालनात ठेवू, इथली माणसं अजून मासेच धरतात ना. दुसरा दिल्लीचा — तो म्हणाला, छे, देश खालून वर चाललाय, लोकांनीपण तसंच चालावं. खाली काळोख नि होडी, वर काचा नि यंत्र. आठवडाभर भांडले. जिंकला कोण? बघा की, जिना वरच जातो, उतरायची वाट पलीकडून, थेट बागेत. इथं परत कुणी येत नाय. समुद्राकडची खिडकीपण बुजवली, लोकांचं लक्ष बाहेर जातं म्हणे.

आता एवढ्याशा दारातून होडी आली कशी? — नाय आली. आधी होडी ठेवली, मग भिंत घातली. ती अक्कल कुणाची? माझीच. रामू तापानं पालघरला दवाखान्यात पडलेला, त्याला न विचारता दिली होती ना मी. म्हटलं, बरा होऊन मागायला आला तर? भिंत उभी असली म्हंजे बोलणंच खुंटलं. नि मला ही पहाऱ्याची नोकरी कबूल केलेली, कायमची.

आला तो, नारळी पुनवेला. दरसाल होडीला नारळ देतो आमी. दार बघितलं, होडी बघितली. शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं मला. नारळ होडीत ठेवला नि गेला. मग शेजारच्या नवसीच्या घरची कुजकी होडी घेऊन दर्यात जायचा. आश्विनात वारा फिरला — फळ्या लागल्या किनाऱ्याला, तो नाय लागला.

हिच्यात मी घागरी ओतून बघितल्या साहेब. दिवसभर पाणी तसंच, थेंब गळला नाय.

घाला वहाणा. जा वर, मला इथं बसायचंय.