मागच्या फाटकातून

आई: ...पण औषध बंद झालं तर बरंच झालं की, सिस्टर! नशा नाही, गोळी नाही. पोरगं कोरं करकरीत होऊन घरी येतंय.

सिस्टर: कोरा झालाय, त्याचीच मला धास्ती आहे, मावशी. या तुरुंगात रोज मी त्याच्या जिभेखाली गोळी ठेवायचे. विरघळेपर्यंत समोर बसवायचे, मग बॅटरी मारून तोंड बघायचे. त्या गोळीनं त्याची तलफ दबून होती.

आई: मग बंद का केलीत?

सिस्टर: मी कशाला करू? अनुदान संपलं. बैठकीत हात जोडून सांगितलं, एवढं तरी चालू ठेवा. एक साहेब म्हणाले, गर्दुल्ल्यांचे लाड कशाला? पैसे नव्या भिंतीला गेले.

आई: भिंत कशाला? माझा पोरगा पळणाऱ्यातला नाही. घरातला मिक्सर विकून खाल्लान् त्यानं, पण घर सोडून कधी गेला नाही.

सिस्टर: नीट ऐका. शरीराची सवय मोडली आहे, मन मात्र तिथंच आहे. पूर्वी घ्यायचा तेवढं आता घेतलं, तर श्वास थांबेल. झोपल्यासारखा दिसेल आणि उठणार नाही.

आई: तेवढं म्हणजे... नेहमीचंच?

सिस्टर: नेहमीचंच. का हो? चेहरा का उतरला?

आई: काही नाही.

सिस्टर: मावशी.

आई: मागच्या वेळी सुटला तेव्हा नाल्याकाठी सापडला होता, उलटीत लोळत. या वेळी म्हटलं, बाहेर तडफडण्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर... त्याच्याच दोस्ताकडून आणून ठेवलंय. एकदा पुरेल एवढं. भेटीला आले तेव्हा सांगितलंसुद्धा त्याला, घाबरू नकोस, घरी सोय आहे.

सिस्टर: अहो, काय करून बसलात हे!

आई: मला कुणी सांगितलंच नाही हो! आता तो बाहेर आला की इथेच धरते. या फाटकावरून हलत नाही मी.

सिस्टर: तुम्ही त्याला न्यायला थांबलात? मला वाटलं, त्याचं राहिलेलं सामान घ्यायला आलात. भिंतीचं काम चाललंय, म्हणून हल्ली मागच्या फाटकातून सोडतात. तो सकाळीच गेला, मावशी.

आई: गेला? कुठे गेला? अरे देवा... शेजारणीला फोन लावा, घराची किल्ली तिच्याकडे असते. हा घ्या माझा फोन, तुम्हीच लावा!

(फोन बराच वेळ वाजत राहतो.)

मुलगा: हॅलो?

आई: बाळा! तू? काकूंचा फोन तुझ्याकडे कसा?

मुलगा: त्यांच्याकडून आपली किल्ली घेतली. त्यांचा फोन बाहेर ओट्यावरच वाजत होता, तुझं नाव दिसलं, म्हणून मीच उचलला. आपल्या दारातच आहे.

आई: आत गेलास?

मुलगा: नाही. पायरीवर बसलोय.

आई: जाऊ नकोस रे. ते घेऊ नकोस. चुकलं माझं. मरशील तू!

मुलगा: माहितीये. सिस्टरनी कालच सांगितलं.

सिस्टर: त्याला म्हणावं, तिथेच बस. मोठ्या दवाखान्यात ती गोळी मिळते, मी आत्ता डॉक्टरांशी बोलते. तुम्ही रिक्षा पकडा.

आई: ऐकलंस ना? मी निघालेच. तोवर किल्ली काकूंना परत दे. देशील ना?

मुलगा: मघापासून तेच करायला बघतोय, आई. मूठ उघडत नाहीये.