एकमतात एक मत कमी

नाही हो, एकमतानं नाही — तुमच्या पेपरनं 'एकमतानं निवड' छापलं ते चुकलं. मतं त्रेचाळीस, त्यातली बेचाळीस जावईबापूंना आणि एक मास्तरांना. मोजली मीच, मला विचारा ना. बसा, नवे अध्यक्ष आत आहेत, केबिनच्या पडद्यांचा रंग ठरतोय — प्रांताचं धोरण त्यानंतर. जावईबापू म्हणजे आमच्या थोरल्या साहेबांचे जावई. साहेब चोवीस वर्षं अध्यक्ष होते, झटका आला, उजवा हात गेला, म्हणून राजीनामा. मग कोण? घरातलाच, दुसरं कोण. पक्षात येऊन आठ महिने झालेत. पहिल्याच भाषणात आपल्या पक्षाचं चिन्ह चुकीचं सांगितलं, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या — हातांना सवय असते.

आणि समोर मास्तर. माझे मेहुणे, बायकोचे थोरले भाऊ. तीस वर्षं शाळा सुटली की इथं — भिंती रंगवायच्या, सतरंज्या अंथरायच्या, सभा संपली की त्याच झटकायच्या. उभे राहायला तयारच नव्हते, मीच भरीस घातलं, अर्जावर सूचक म्हणून सही माझीच. अकरा जणांनी त्यांच्या घरी बसून शब्द दिला, चहा दोनदा घेतला.

मग पेटी उघडली. चिठ्ठी उलगडतोय — जावई. पुढची — जावई. शब्द दिलेले अकरा जण पंख्याकडे असे बघतायत, जसा काही आजच बसवलाय. आणि एका चिठ्ठीवर मास्तरांचं नाव. वाकडंतिकडं, डाव्या हातानं लिहिलेलं. झटका आल्यापासून साहेबांच्या सगळ्या कागदांवर तेच अक्षर असतं, आणि ते कागद माझ्याच हातून जातात. सख्ख्या जावयाला नाही दिलं हो म्हाताऱ्यानं — आणि निकाल लागल्यावर त्यालाच एका हातानं मिठी मारली, फोटोसाठी दोनदा.

मी निघणारच होतो, तेवढ्यात मास्तरांनी गाठलं. माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "भावजी, स्वतःचं नाव लिहायची लाज वाटली, मी जावयांचंच लिहिलं. म्हणजे ते एक मत तुमचं. मला तेवढं पुरे आहे." मी 'हो' म्हणालो. तेव्हापासून घरी ही एकेका नातेवाइकाला फोन लावून सांगतेय — सगळे फिरले, माझा नवरा एकटा दादामागे उभा राहिला. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकतो. पेपर वाचतोय असं दाखवायचं, काय करणार.

चिटणीसपद? ते मला निवडणुकीनंतर मिळालं — म्हणजे पत्र नंतर मिळालं. आधी नुसतं बोलणं झालं होतं, बोलायला काय, कुणीही बोलतं... काय म्हणालात? अहो, मतदान गुप्त होतं. तुम्ही उद्या या — नाहीतर असं करा, येऊच नका.