राणी डाव्या कुशीवर झोपते

नाही, तुम्हीच मला सांगा, पिवळ्या भिंतीवर पिवळी खूण दिसते का? नाही ना दिसत? मग माझं काय चुकलं... तात्पुरतं होतं हो ते. गेला आख्खा आठवडा मी हेच सांगत फिरतेय आणि एकाने ऐकून घेतलं असेल तर शपथ.

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी एका व्हिडिओ गेमच्या कंपनीत पिरॅमिडचा इतिहास लिहिते. हसू नका, असते अशी नोकरी. आमच्या गेमचे चार भाग निघालेत, चारही भागांत इजिप्तच्या वाळवंटातला एकच पिरॅमिड आहे, तो सगळा कल्पनेतला, आणि भागागणिक लेखक बदलले, त्यामुळे पहिल्या भागात तो बांधायला वीस वर्षं लागली, दुसऱ्यात एका दिवसात उभा राहिला, आणि तिसऱ्यात म्हणे कोणी बांधलाच नाही, आधीपासून होता. आतल्या राजाला एकूण तीन वडील आहेत. हे सगळं जुळवून द्यायला मला घेतलं. ‘‘सहा महिने तात्पुरत्या राहा, मग बघू,’’ असं साहेब म्हणाले होते, आणि ते गेल्या शुक्रवारी बघणार होते. आता मी अशी, की मागून कोणी हळूच ‘अहो’ म्हटलं तरी माझ्या हातातला चमचा उडतो. आमचाच गेम मी आवाज बंद करून, एक डोळा मिटून खेळते. मला पिरॅमिडमध्ये कशाला ठेवायचं, सांगा बरं?

तर आमच्याकडे पद्धत अशी, की भिंत रंगवणाऱ्या चित्रकाराला मजकूर कुठे किती बसतो ते पाहायचं असतं, म्हणून लेखकाने हाताला येईल ते काहीतरी लिहून द्यायचं, त्यावर पिवळी पट्टी ओढायची, आणि गेम बाजारात जायच्या आधी पिवळं दिसेल तिथे खरा मजकूर घालायचा. चौथ्या भागाच्या वेळी चित्रकार माझ्या खुर्चीमागे उभा, ‘‘दे ना गं लवकर, तीन ओळी दे, काही पण दे,’’ आणि नेमका आत्याचा फोन. मी एकटी राहते ना, आत्याचा रोज फोन असतो, आणि रोज तेच. मी एका कानाने ऐकत होते, हात आपोआप लिहीत होते. काय लिहिलं? ‘दार आतून लाव. कोणी हाक मारली तरी उघडू नको. आणि डाव्या कुशीवर झोप.’ मग पिवळी पट्टी ओढली. ओढली होती हो, मी शपथेवर सांगते. पण त्या चित्रकाराने दुसऱ्या दिवशी भिंतच सोन्याची केली. आख्खी. लखलखीत पिवळी.

झालं. आत्या पिरॅमिडमध्ये कोरली गेली.

पट्टी कोणाला दिसलीच नाही, गेम तसाच बाजारात गेला, आणि सोमवारी खेळणाऱ्यांना ती भिंत सापडली. त्यांनी शवपेटी उघडली, तर आत ममी डाव्या कुशीवर. आता ती तशी का, तर उताणी झोपवली की तिचा मुकुट पेटीतून आरपार बाहेर यायचा, म्हणून कोणीतरी तिला वळवून ठेवली होती. पण लोकांना काय त्याचं? ‘दार आतून लाव, असं एकट्या बाईलाच सांगतात. ही राजाची कबरच नाही, ही राणीची. चारही भाग आपल्याला फसवलं.’ बुधवारपर्यंत चाळीस-चाळीस पानांचे लेख. एकाने लिहिलं, राणीची भीती हाडापर्यंत पोचते. हाडापर्यंत... आत्याला अपचनाची काळजी होती फक्त.

गुरुवारी साहेबांनी बोलावलं. मी आत जाताना दाराच्या मुठीत ओढणी अडकवून घेतली. म्हटलं, ‘‘सर, ते तात्पुरतं होतं.’’

‘‘लाजू नका. पाचवा भाग याच ओळीवर उभा करायचा. राणी कोण, गेली कशाने, कोणाला घाबरत होती... उद्या चारला द्या. तुमचंही उद्याच बघू.’’

रात्र न् दिवस लिहिलं. शुक्रवारी दुपारी साहेबांना दाखवलं तर म्हणाले, ‘‘छान आहे. पण भीती नाही वाटत.’’ मला वाटत नाही म्हणे भीती. मला. तीनला जिन्यात बसून आत्याला फोन लावला.

‘‘आत्या, समजा एक बाई आहे. एकटी. घर खूप मोठं आणि खिडकी एकही नाही.’’

‘‘खिडकी नाही? मग कपडे कुठे वाळत घालते? ओलाव्यानेच जाईल ती. कोण आहे? तुझ्या ऑफिसातली?’’

‘‘असं समज. घरातली माणसं बाहेर बांधकाम करतायत. वीस वर्षं.’’

‘‘आणि ही आत? वीस वर्षांत जेवलीस का म्हणून विचारलं कोणी?’’ मग आत्याने गॅस बंद केल्याचा आवाज आला. फोनसाठी आत्या गॅस बंद करत नाही हो कधी. ‘‘आता मारतील हाका, ती गेल्यावर. सांग तिला, मुळीच उघडायचं नाही.’’

मी हे शब्दाला शब्द उतरवून चारला नेऊन दिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. ‘‘काटा आला अंगावर. ठरलं, राणी कायम. यापुढच्या प्रत्येक भागात.’’

म्हटलं सांगून टाकावं. ‘‘सर, खरं सांगायचं तर ही माझी आत्या...’’

‘‘हो हो, घरच्यांचा पाठिंबा लागतोच.’’

‘‘आणि सर... माझं?’’

‘‘तुमचं होय? तुमचं अजून सहा महिने बघू.’’

संध्याकाळी आत्याचा फोन. ‘‘झालीस का कायम?’’

‘‘तू झालीस,’’ मी म्हटलं.

‘‘काय बोलतेस काही कळत नाही. जेवलीस का? दार लाव आतून.’’

लावलं. दोनदा ओढून पाहिलं, आणि डाव्या कुशीवर वळले. करते काय? ते सोन्याच्या भिंतीवर कोरलेलं आहे, आणि मी पडले तात्पुरती.